पाणलोट संवर्धन गटातील स्वयंसेवी नेतृत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओढा, तळे, टेकडी किंवा नदीचा एखादा पट्टा जपण्यासाठी एकत्र आलेल्या गटांमध्ये जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांना आमच्या प्रत्यक्ष कामाचा आधार आहे आणि जेथे केवळ आमचे मत आहे, तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे. पाण्याचे काम पिढ्यानुपिढ्या चालते आणि माणसे मात्र बदलत राहतात. म्हणून गटप्रमुखाने पहिल्या दिवसापासून आपल्यावाचूनही चालेल अशा रीतीने काम उभे करावे, अशी आमची ठाम धारणा आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच धारणेतून आलेली आहेत.

पाणलोट क्षेत्र म्हणजे नेमके काय, आणि गटप्रमुखाला ते समजणे इतके महत्त्वाचे का?

ज्या भूभागावर पडलेला पाऊस वाहत जाऊन एकाच ओढ्याला, नदीला किंवा तळ्याला मिळतो, तो सगळा भूभाग त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र होय. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर केवळ १ मिलिमीटर पाऊस पडला तरी ते १० लाख लिटर पाणी होते. त्यातले किती मुरते, किती वाहून जाते आणि जाताना किती माती बरोबर नेते, हे जमिनीचा उतार, मातीचा प्रकार, वरचे गवत-झाडोरा आणि पावसाचा जोर यांवर ठरते.

नेतृत्वाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, गटाचे कार्यक्षेत्र पाण्याने आखून दिलेले असते. ते कोणत्याही प्रशासकीय हद्दीत मावत नाही, त्यामुळे हद्दीपलीकडच्या लोकांशी बोलणे हा कामाचाच भाग ठरतो. दुसरी अशी की, काम माथ्यापासून पायथ्याकडे जावे लागते. वरचे उतार उघडे-बोडके ठेवून खाली बांध घातला, तर तो थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो आणि स्वयंसेवकांचे श्रम त्या गाळाखाली जातात. माथ्यावरचे काम मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही आणि त्याचे छायाचित्रही फारसे आकर्षक येत नाही. तरीही तेच आधी करायला लोकांना राजी करणे, हे गटप्रमुखाचे पहिले अवघड काम असते.

या विषयाचे शिक्षण नसताना गटाचे नेतृत्व करता येईल का?

करता येईल. भूजलतज्ज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंता यांची गरज पडतेच, पण ते सर्व गटात असण्याची गरज नाही. त्यांना नेमका प्रश्न विचारता येणे आणि त्यांचे उत्तर सर्वांना समजेल अशा भाषेत गटापुढे ठेवता येणे, एवढी तयारी पुरेशी आहे. मात्र पाणी अडवणारे कोणतेही बांधकाम जाणकाराने पाहिल्याशिवाय करू नये. चुकीच्या जागी घातलेला किंवा सांडव्याविना बांधलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि आधीपेक्षा जास्त माती वाहून नेतो.

पहिल्या वर्षात काय करावे?

आमच्या मते पहिले वर्ष प्रामुख्याने पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी राखून ठेवावे. नव्या गटाच्या अंगात उत्साह असतो, पहिल्याच महिन्यात काहीतरी उभे करून दाखवण्याची घाई असते आणि त्या घाईत चुकीच्या जागी काम होते.

पाणलोट क्षेत्र पायी फिरावे, आणि तेही किमान तीन वेळा : एकदा कडक उन्हाळ्यात, एकदा ऐन पावसात आणि एकदा पाऊस सरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. उन्हाळ्यात कोठे ओल टिकून आहे ते दिसते. पावसात पाणी प्रत्यक्षात कोणत्या वाटेने येते ते दिसते, आणि ही वाट नकाशातल्या निळ्या रेषेशी बरेचदा जुळत नाही. पावसानंतरच्या फेरीत कोणता झरा अजून वाहतो आणि कोणता आटला, हे नोंदवता येते. प्रत्येक फेरीत त्या भागात आयुष्य काढलेली दोन-चार वयस्क माणसे सोबत असावीत. ओढ्यात पूर्वी कोणते मासे मिळत, पुराची रेषा कोठपर्यंत यायची, कोणती विहीर कधी आटली नाही, ही माहिती कोणत्याही अहवालात नसते आणि ती माणसे गेली की तीही जाते.

या फेऱ्यांची एक नोंदवही असावी. तारीख, जागा, काय दिसले, कोणी सांगितले, एवढे चार रकाने पुरतात. पुढे दहा वर्षांनी गटाजवळ सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती असेल, तर ती ही वही असेल.

स्वयंसेवकांना पगार नाही, आदेश देता येत नाही. मग काम होते तरी कसे?

स्वयंसेवक स्वतःच्या वेळेची पदरमोड करून येतो. त्याच्यावर अधिकार चालत नाही, विश्वास चालतो. हा विश्वास तीन साध्या गोष्टींतून येतो. ठरलेल्या वेळी काम सुरू करणे आणि ठरलेल्या वेळी संपवणे ही पहिली. आलेल्या प्रत्येकाला त्याच्या कुवतीचे, स्पष्ट सांगता येईल असे काम देणे ही दुसरी. त्या कामाचे पुढे काय झाले हे त्याला आवर्जून कळवणे ही तिसरी, आणि नेमकी तिसरीच बहुतेक गट विसरतात. ज्याने उन्हात चार तास चर खणला, त्याला पहिल्या पावसानंतर त्याच चरात साठलेले पाणी दाखवायला नेले, तर तो पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन येतो.

उंटावरून शेळ्या हाकणारा प्रमुख अशा गटात फार काळ टिकत नाही. पण उलट टोकही वाईटच : सगळी अवजड कामे स्वतःच करत राहणाऱ्या प्रमुखाभोवती लोक हळूहळू बघ्याची भूमिका घेतात. स्वतः घमेले उचलावे, परंतु चार लोकांना काम समजावून झाल्यावर.

श्रमदानाचा दिवस कसा आखावा?

आदल्या आठवड्यात दोघा-तिघांनी जागेवर जाऊन आखणी पूर्ण करावी. पन्नास माणसे जमल्यावर चुना टाकायला घेणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे होय.

समपातळी चरांची आखणी हे याचे चांगले उदाहरण आहे. चर एकाच पातळीवर असेल तरच पाणी त्यात थांबून मुरते. तो थोडा जरी कलला, तरी पाणी खालच्या टोकाला धावते आणि तेथे नवी घळ पाडते. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला जोडून, मध्ये आडवी पट्टी ठोकून ‘ए’ आकाराची चौकट करावी आणि वरच्या टोकापासून दोरीने दगड लटकवून ओळंबा करावा. चौकटीचे दोन पाय जमिनीवर दोन खुणांवर ठेवून दोरी आडव्या पट्टीला जेथे स्पर्श करते तेथे पेन्सिलने खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन खुणांवर चौकट पुन्हा ठेवावी व दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्यबिंदू म्हणजे समपातळी. त्यानंतर एक पाय रोवून दुसरा पाय वर-खाली सरकवत, दोरी मध्यबिंदूवर स्थिरावली की तेथे खुंटी ठोकावी आणि पुढे सरकावे. वाऱ्यात दोरी हलत राहते, म्हणून हे काम सकाळी लवकर करणे बरे. शाळकरी मुलांच्या हातात ही चौकट दिली की ती अर्ध्या तासात तरबेज होतात, आणि आपण ठोकलेल्या खुंट्यांवर मोठी माणसे चर खणत आहेत हे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी तरी हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

दिवसाच्या शेवटी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. अवजारे मोजून घ्यावीत, किती मीटर काम झाले ते सर्वांसमोर सांगावे आणि पुढची तारीख तेथेच ठरवावी.

सुरुवातीला गर्दी होते, पण पुढे लोक गळतात. काय करावे?

काही प्रमाणात गळती होणारच आणि ती नेतृत्वाची नामुष्की मानू नये. पण गळणाऱ्यांशी बोलून पाहावे. ‘वेळ मिळत नाही’ या उत्तरामागे अनेकदा दुसरेच कारण असते. काम शारीरिकदृष्ट्या झेपत नाही, बसायला सावली किंवा जवळपास स्वच्छतागृह नाही, ठरावीक पाच-सहा जणच आपसांत बोलतात आणि नव्या माणसाकडे कोणी पाहत नाही, अशी ती कारणे असतात. स्त्रियांची उपस्थिती कमी असेल, तर कामाची वेळ आणि जागा कोणी ठरवली, हे आधी तपासावे. पाणी भरण्याचा भार जेथे स्त्रियांवर असतो, तेथे पाण्याचे सर्वाधिक ज्ञानही त्यांच्याकडेच असते आणि त्यांना वगळून केलेला आराखडा अपुरा राहतो.

ज्यांना खणणे शक्य नाही, त्यांच्यासाठीही भरपूर काम असते : बियाणे गोळा करणे, रोपवाटिका सांभाळणे, पर्जन्यमापक वाचणे, हिशेब ठेवणे, पत्रव्यवहार करणे, शाळांशी संपर्क ठेवणे.

पाण्याच्या नोंदी घेण्यात वेळ घालवावा का? त्यापेक्षा प्रत्यक्ष काम बरे नव्हे का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नोंदी नसतील, तर आपल्या कामाने फरक पडला की त्या वर्षी पाऊसच जास्त झाला, हे कोणालाही सांगता येत नाही.

सुरुवात तीन नोंदींनी करावी : रोजचा पाऊस, ठरावीक विहिरींची पाणीपातळी आणि ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा. पाऊस रोज एकाच वेळी मोजावा. विहिरीची पातळी काठावरच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून मोजावी, कारण काठ सगळीकडे सारखा नसतो आणि माणूस बदलला की मोजण्याची जागाही बदलते. तळ्याच्या पारदर्शकतेसाठी इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली तबकडी आजही जगभर वापरली जाते. ती पाण्यात सोडत जायचे आणि दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. उथळ ओढ्यासाठी तळाशी खूण असलेली उभी पारदर्शक नळी पुरते.

पुढच्या टप्प्यावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि सामू (पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच) मोजता येतात. साधारण २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि पाणी तापले की हे प्रमाण घटते. ते लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेले, की अनेक माशांवर ताण येऊ लागतो. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात, म्हणून पहाटे हे प्रमाण सर्वांत कमी असते. परिणामी एक नोंद सकाळी सहाची आणि दुसरी दुपारी तीनची असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. नोंदीची वेळ पाळणे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे स्वयंसेवकांना कारणासह समजावून सांगावे. कारण कळले की माणूस वेळ पाळतो.

उपकरणांपेक्षाही लोकांना जे भावते, ते म्हणजे ओढ्यातला दगड उलटा करून पाहणे. वाहत्या, स्वच्छ पाण्यातला दगड हलकेच उचलून पांढऱ्या ताटलीवर धरला, तर त्याच्या खालच्या बाजूला वाळूचे बारीक कण एकमेकांना चिकटवून केलेली इवलीशी नळी दिसते. तिच्या तोंडातून कॅडिसफ्लाय या किटकाची अळी डोके बाहेर काढते, सहा पायांनी पुढे सरकते आणि घर मागे ओढत नेते. शेजारी तीन शेपट्यांची मेफ्लायची अळी असते. या दोन गटांतील बहुतेक आणि स्टोनफ्लाय या तिसऱ्या कीटकगटाच्या जवळजवळ सर्वच जाती प्रदूषण सहन करत नाहीत. त्या नाहीशा झाल्या आणि चिखलात केवळ लालसर, गांडुळासारख्या अळ्या उरल्या, तर पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याचा तो पुरावा मानावा. त्या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळेच त्या अशा पाण्यात तग धरतात. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच जागी ठेवावा. हा नियम गटप्रमुखाने स्वतः पाळून दाखवावा.

स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?

अंतिमतः गटप्रमुखाची, आणि येथे भिडस्तपणा मुळीच नको. गुडघ्यापेक्षा कमी, केवळ १५ सेंटिमीटर खोल पण वेगाने वाहणारे पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते. म्हणून पूर ओसरल्याशिवाय कोणीही प्रवाहात उतरणार नाही आणि पाण्याजवळ कोणीही एकटा काम करणार नाही, हे दोन नियम लेखी असावेत. गडगडाट ऐकू आला की काम तत्काळ थांबवून सर्वांना पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. साचलेल्या व गढूळ पाण्यात काम करताना पायांत गमबूट, हातांत मोजे असावेत. अंगावर उघडी जखम असणाऱ्याला पाण्यात उतरवू नये, कारण लेप्टोस्पायरोसिससारखे आजार अशाच जखमांतून शरीरात शिरतात. प्रथमोपचार पेटी, जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आणि प्रत्येकाच्या घरचा संपर्क क्रमांक, या तीन गोष्टी तयार नसतील तर त्या दिवशीचे काम रद्द करावे. जमलेल्या लोकांना परत पाठवताना जीव तुटतो, तरीही पाठवावे.

वरच्या आणि खालच्या भागातल्या लोकांत पाण्यावरून वाद होतो. गटाने काय भूमिका घ्यावी?

हा वाद पाणलोटाच्या रचनेतच आहे. वरच्यांनी उतार जपावा, कुरणे राखावीत, रसायने कमी वापरावीत, आणि त्याचा मोठा लाभ मात्र खालच्यांना व्हावा, ही मागणी वरच्यांना अन्यायाची वाटते आणि त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर ती तशी आहेच. म्हणून आम्ही ‘जनजागृती’ या शब्दाने या वादाची बोळवण करत नाही. वरच्यांच्या श्रमाची आणि नुकसानीची भरपाई कशी होईल, हा प्रश्न उघडपणे मांडावा लागतो. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये आपल्या पाणलोटातील गावांशी असाच करार केला. पाणी शुद्ध करण्यासाठी प्रचंड खर्चाचा गाळणी प्रकल्प उभारण्याऐवजी वरच्या भागातील शेती, सांडपाणी व्यवस्था आणि जंगल सुधारण्यासाठी शहराने पैसे दिले.

सामायिक संसाधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सिंचन व्यवस्था, कुरणे, जंगले आणि मासेमारीच्या अभ्यासातून दाखवले. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि तो सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांनी मांडलेल्या तत्त्वांपैकी गटप्रमुखाने विशेष लक्षात ठेवावीत अशी चार आहेत : ज्यांना नियम लागू होतात त्यांचा नियम ठरवण्यात सहभाग असावा, देखरेख करणारे लोकांना उत्तरदायी असावेत, नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सौम्य आणि पुढे वाढत जाणारी शिक्षा असावी, आणि तंटा मिटवण्याची सोय स्वस्त व जवळची असावी. हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने सिंचनासाठी विंधन विहिरी न घेण्याचा आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून पिके ठरवण्याचा नियम केला. तो टिकला, याचे मोठे श्रेय नियम गावानेच केल्याला आहे, असे आम्ही मानतो.

बैठकीत गटप्रमुखाने पंचाची खुर्ची घेऊ नये. नोंदवही उघडून आकडे समोर ठेवावेत आणि दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ बोलू द्यावे. शक्य असेल तर बैठक बंद खोलीत न घेता वादाच्या जागेवरच घ्यावी. वाहते किंवा आटलेले पाणी डोळ्यांसमोर असले, की बोलणे मुद्द्यावर राहते.

जमीनमालक आणि शासकीय यंत्रणा यांच्याशी संबंध कसे ठेवावेत?

परवानगी लेखी घ्यावी, मग जागा मित्राची का असेना. जमीन विकली जाते, वारस बदलतात आणि तोंडी शब्द वाऱ्यावर उडतो. शासकीय यंत्रणेकडे तक्रार घेऊन जाताना तारीख, ठिकाण, छायाचित्र आणि मोजणी सोबत असावी व भाषा संयत असावी. एका कार्यालयात आमचा अर्ज सलग आठ महिने पडून होता. रागाने लिहिलेल्या तीन स्मरणपत्रांनी जे झाले नाही, ते तेथील कर्मचाऱ्याला ओढ्यावर नेऊन नोंदी दाखवल्यानंतर दोन आठवड्यांत झाले. पाठपुरावा मात्र सोडू नये, आणि तो एका ठरावीक व्यक्तीकडेच असावा.

निधी आणि हिशेब यांबाबत कोणती काळजी घ्यावी?

गटाचे खाते स्वतंत्र असावे आणि पैसे काढण्यासाठी दोन सह्या लागाव्यात. प्रत्येक खर्चाची पावती असावी आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा. रक्कम लहान आहे म्हणून ढिलाई करू नये, कारण गट मोडतात ते पुष्कळदा लहान रकमांवरूनच. देखभालीसाठी निधीचा ठरावीक वाटा सुरुवातीलाच बाजूला काढावा. नवे काम करायला देणगीदार सहज मिळतात, जुन्या बांधाचा गाळ काढायला मिळत नाहीत.

प्रदूषण करणाऱ्या उद्योगाकडून देणगी घ्यावी का?

ज्याच्या सांडपाण्याची नोंद आपल्या वहीत आहे, त्याच्याकडून घेऊ नये. इतरांबाबतचा निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावा आणि त्याची कारणे इतिवृत्तात लिहिली जावीत.

गटप्रमुखाने राजकीय पदासाठी उभे राहावे का?

व्यक्ती म्हणून तो तिचा अधिकार आहे. मात्र उमेदवारी जाहीर करण्यापूर्वी गटातील पद सोडावे आणि गटाचे नाव, यादी, छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत.

वृक्षारोपण हा सर्वांत सोपा उपक्रम आहे ना?

रोप लावणे सोपे आहे, झाड वाढवणे सोपे नाही. आमच्या गटाने एका वर्षी एका दिवसात सहाशे रोपे लावली होती. पाहुणे आले, भाषणे झाली, सगळे आनंदाने घरी गेले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा वाळलेल्या काटक्यांच्या रांगा होत्या आणि बऱ्याच खड्ड्यांत रोपाबरोबर आलेली काळी पिशवी तशीच होती. ती काढायला आम्ही कोणी सांगितलेच नव्हते. पाणी कोण घालणार हेही ठरलेले नव्हते. दोष सर्वस्वी आयोजकांचा, म्हणजे आमचा होता.

त्यानंतर आम्ही नियम केला : जितक्या रोपांना तीन वर्षे पाणी घालण्याची आणि गुरांपासून राखण्याची माणसे नावानिशी ठरली असतील, तितकीच रोपे लावायची. जाती स्थानिकच असाव्यात. गवताळ माळावर झाडे लावण्याचा मोह टाळावा, कारण माळरान ही स्वतःच एक परिपूर्ण परिसंस्था आहे. आक्रमक वनस्पती काढतानाही विचार करावा लागतो. जलपर्णी उपसून काठावरच टाकली, तर पहिला पूर तिला परत पाण्यात नेतो आणि उरलेल्या थोड्या रोपांपासूनही ती काही आठवड्यांत पुन्हा पसरते.

गटात मतभेद होऊन दोन तट पडले तर?

मतभेद कामाबद्दल आहेत की मानाबद्दल, हे आधी ओळखावे. कामाबद्दलचे मतभेद एखाद्या छोट्या जागेवर दोन्ही पद्धती करून, वर्षभर मोजून सोडवता येतात. मानाबद्दलचे मतभेद सभेत कधीच सुटत नाहीत. त्यासाठी त्या माणसाच्या घरी जाऊन बोलावे लागते आणि आपले चुकले असेल तर तसे म्हणावे लागते.

सगळे काम एकाच व्यक्तीवर येऊन पडले आहे. यातून बाहेर कसे यावे?

ही स्थिती अचानक येत नाही. ‘मीच करून टाकतो, सांगण्यात वेळ जातो’ या वाक्याने ती सुरू होते आणि काही वर्षांनी किल्ल्या, नकाशे, देणगीदारांचे क्रमांक, कार्यालयातील ओळखी हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात आणि फोनमध्ये साठते. तो माणूस आजारी पडला की गट थांबतो. तो माणूस थकलेलाही असतो, पण काम दुसऱ्याकडे दिले तर बिघडेल या भीतीने ते सोडत नाही. या भीतीचा आदर करावा, कारण ती कामाच्या प्रेमातूनच आलेली असते.

उपाय हळूहळू करावा लागतो. प्रमुखाने एक महिना आपण करत असलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढावी, अगदी फावडी कोठे ठेवतो इथपर्यंत. त्या यादीतील एक-एक काम दोघांना मिळून द्यावे. एकाला दिले की तोच नवा एकखांबी तंबू होतो. पहिल्या वेळी प्रमुखाने करावे आणि त्या दोघांनी पाहावे, दुसऱ्या वेळी तिघांनी मिळून करावे, तिसऱ्या वेळी त्या दोघांनी करावे आणि प्रमुखाने हजर राहू नये. हजर राहून गप्प बसणे बहुतेकांना जमत नाही. काम थोडे वेगळ्या पद्धतीने झाले तरी चालवून घ्यावे, मात्र सुरक्षितता, हिशेब आणि नोंदीची वेळ या तीन बाबतींत तडजोड करू नये.

पदाची मुदत गटाच्या घटनेत लिहिलेली असावी. दोन किंवा तीन वर्षांची एक मुदत आणि सलग दोनच मुदती, ही व्यवस्था आम्हांला योग्य वाटते. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी उपप्रमुख नेमावा, म्हणजे एक पूर्ण ऋतुचक्र दोघांना सोबत पाहता येते.

पद सोडताना पुढच्या व्यक्तीकडे नेमके काय सोपवावे?

नोंदवह्या आणि त्यांच्या प्रती, खात्याची कागदपत्रे, परवानग्यांची मूळ पत्रे, अवजारांची यादी, आणि कोणत्या विहिरीची खूण काठावर कोणत्या दगडावर आहे हे दाखवणारा नकाशा, एवढे तर द्यावेच. त्याशिवाय एका संपूर्ण दिवसाची फेरी सोबत करावी. प्रत्येक बांधावर थांबून तो कोणी बांधला, कोणत्या पावसात खचला, कोणी दुरुस्त केला, हे सांगावे. फसलेली कामेही दाखवावीत आणि ती का फसली तेही सांगावे. वाटेत भेटणाऱ्या जमीनमालकांशी नव्या प्रमुखाची ओळख करून द्यावी. त्यानंतरच्या पहिल्या तीन-चार बैठकांना जुन्या प्रमुखाने जाऊ नये. पाऊस मोजण्याची पाळी मात्र इतरांसारखीच घ्यावी.